अशक्त हृदयाचे ठोके आणखी कमी कशासाठी करायचे?

प्रश्न : आम्ही शिवाजी पेठेत राहतो. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, ६४ वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी तालमीत घाम गाळला आणि पुढे साखर कारखान्यातून ते निवृत्त झाले. आठ महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, आणि नंतरच्या इकोमध्ये पंपिंग ३० टक्के असल्याचे सांगण्यात आले. तेव्हापासून मेटोप्रोलॉल सुरू आहे. ती हळूहळू वाढवत १०० मिलिग्रॅमपर्यंत नेली, पण रक्तदाब १०४/६६ राहू लागल्याने डॉक्टरांनी तिचा डोस तिथेच थांबवला आणि दीड महिन्यापूर्वी इव्हाब्रॅडिन नावाची आणखी एक गोळी दिली. नाडी ८४ वरून ५८ वर आली. एके दिवशी ऑक्सिमीटरवर ५४ आकडा दिसला आणि घरात घबराट उडाली. शेजारचे काका म्हणाले, ‘हार्ट आधीच वीक, त्यात ठोके कमी करायच्या गोळ्या! ही विझत्या दिव्यावर फुंकर झाली.’ आबांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. तीन दिवसांत नाडी ९२ झाली, आणि आता ते म्हणतात की हार्टने परत जोर धरला. संध्याकाळी दिवा लावला की डोळ्यांच्या कडेला चमकते, अशीही त्यांची तक्रार होती. या गोळ्या खरोखर आवश्यक आहेत का? चैत्रात जोतिबाला जायचा त्यांचा हट्ट आहे, त्याचे काय करावे?
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमचे पत्र हाती आले त्याच दिवशी तुम्हाला फोनवरून एवढेच सांगितले होते, की आबांना आजच्या आज त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या आणि बंद केलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. ईसीजी काढून आणि रक्तदाब पाहून त्यांनी दोन्ही गोळ्या पुन्हा चालू करून दिल्या, हे कळल्यावर जिवाला बरे वाटले. त्या दिवशी घाईत जे नीट समजावता आले नाही ते आता सविस्तर लिहितो, कारण काकांच्या मनातली शंका एकट्या काकांची नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांतून ती याच शब्दांत विचारली जाते, आणि एके काळी ती साऱ्या वैद्यकशास्त्राचीच शंका होती.

आधी नावाविषयी. आपल्या बोलण्यात ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला, असाच अर्थ होतो. त्यामुळे फाईलवर ‘हार्ट फेल्युअर’ ही अक्षरे वाचली की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. वैद्यकातला अर्थ तसा नाही. हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. पंपिंगचा ३० टक्के हा आकडाही असाच घाबरवतो. डाव्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती भाग बाहेर पडतो त्याचे ते प्रमाण आहे, आणि धडधाकट माणसाच्या हृदयातही ते शंभर नसते, साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असते. म्हणजे आबांचे हृदय शंभरापैकी तीस गुणांवर आलेले नाही, तर साठाच्या जागी तीसवर आलेले आहे. दुखणे गंभीर आहे, हे मी लपवत नाही. परंतु औषधांनी ज्यात खरोखर फरक पडतो अशा दुखण्यांपैकी ते आहे, आणि म्हणूनच त्या गोळ्या तीन दिवस बंद राहिल्याचे वाचून मला काळजी वाटली.

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा बीटा ब्लॉकर गटातली औषधे हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला द्यायची नाहीत, असे ठामपणे शिकवले जात असे. तुमची मेटोप्रोलॉल याच गटातली. त्यामागचा तर्क काकांचाच होता : हृदय दुबळे झाले आहे, ते जलद चालून कशीबशी वेळ निभावते आहे, मग त्याचा वेग काढून घेतला तर ते बसेल. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या काही डॉक्टरांनी मात्र हा तर्क तपासून पाहायचे ठरवले. हृदयाचा स्नायू दुबळा झालेल्या आणि विश्रांतीतही नाडी वेगाने चालणाऱ्या सात रुग्णांना त्यांनी बीटा ब्लॉकर दिले, रुग्ण सुधारले, आणि तो अनुभव त्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. केवळ सात रुग्ण, त्यातून शिकवणीच्या उलट निष्कर्ष, त्यामुळे जगाने त्यावर विश्वास ठेवायला पुढची जवळजवळ वीस-पंचवीस वर्षे घेतली. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. याच गटातल्या बायसोप्रोलॉलच्या चाचणीत २,६४७ आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या चाचणीत ३,९९१ रुग्ण होते, दोन्हींत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी घटले, आणि फायदा इतका स्पष्ट दिसू लागला की दोन्ही चाचण्या मुदतीआधी थांबवण्यात आल्या. २००१ मध्ये याच गटातल्या कार्व्हेडिलॉलने अधिक गंभीर अवस्थेतल्या रुग्णांमध्येही तसाच परिणाम दाखवला. ज्या औषधाला आम्ही परीक्षेत ‘निषिद्ध’ लिहीत होतो तेच आज या आजाराच्या उपचाराच्या चार प्रमुख आधारांपैकी एक आहे. आपली शिकवण चुकीची ठरल्याचा इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

आता हे घडते कसे, ते आबांना त्यांच्याच भाषेत सांगा. त्यांच्या पिढीने लहानपणी विहिरीवरची मोट पाहिलेली असेल. मोट पाण्यात पूर्ण बुडून भरू दिली, तर बैलांच्या एका फेरीत थारोळ्यात भरपूर पाणी पडते. घाई करून ती अर्धी भरलेली असतानाच ओढली, तर फेऱ्या वाढतात, बैल फेसाटतात आणि पाटाला पाणी मात्र कमीच येते. हृदयाचेही असेच आहे. नाडी ८४ असते तेव्हा एका ठोक्याच्या वाट्याला सुमारे ०.७१ सेकंद येतो, आणि त्यातला ०.३ सेकंदाच्या आसपासचा वेळ आकुंचनात जातो. वेग वाढला तरी आकुंचनाचा वेळ फारसा घटत नाही, काटछाट होते ती भरण्याच्या वेळात. म्हणून कप्पा भरायला जेमतेम ०.४ सेकंद उरतो. नाडी ५८ वर आली की ठोक्याला १.०३ सेकंद मिळतो आणि भरण्यासाठी ०.७ सेकंद उरतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःसाठी लागणारे रक्त मुख्यतः याच विसाव्याच्या काळात मिळते. आकुंचन होत असताना त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणजे वेग वाढवला की कामही वाढते आणि काम करणाऱ्याचे जेवणही कमी होते. आबांच्या हृदयाला ८४ च्या वेगाने दिवसाला १,२०,९६० ठोके द्यावे लागत होते, ५८ च्या वेगाने ८३,५२० लागतात. रोजचे ३७,४४० ठोके वाचले.

पण बीटा ब्लॉकरचे काम केवळ ठोके मोजून संपत नाही. हृदय कमी पडू लागले की शरीर त्याला संकटाची वेळ समजते, आणि पळायला किंवा झुंजायला लागणारी ॲड्रेनलिन व तत्सम रसायने रक्तात सोडत राहते. अपघातात रक्त वाहून गेले असते तर काही तासांपुरती ही मदत प्राण वाचवणारी ठरली असती. महिनोन्महिने ती चालू राहिली, तर हृदयाच्या पेशींना तीच मारक ठरते, स्नायू झिजतो, कप्पा ताणून मोठा होतो आणि ठोक्यांची लय अचानक बिघडण्याचा धोका वाढतो. बीटा ब्लॉकर हृदयाला या सततच्या हाकाटीपासून आडोसा देते. म्हणूनच ते अगदी लहान मात्रेत सुरू करून साधारण दोन-दोन आठवड्यांनी वाढवायचे असते, पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला थोडा थकवाही जाणवतो, आणि पंपिंगमधली सुधारणा दिसायला तीन-चार महिने किंवा अधिक काळ लागतो. इतका धीर धरायला लावणारे औषध घरच्यांना पटवून देणे अवघड असते, हे मी जाणतो.

त्यामुळे तीन दिवसांत नाडी ९२ झाली याचा अर्थ हृदयाने जोर धरला असा नाही. औषधाचा आडोसा एकदम काढला की तीच रसायने दुप्पट जोराने हृदयावर आदळतात. अटॅक येऊन गेलेल्या माणसाने बीटा ब्लॉकर अचानक बंद केले तर छातीत दुखणे, लय बिघडणे आणि क्वचित पुन्हा अटॅक येणे, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. ही गोळी कमी करायची वेळ आलीच तर ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि पायरीपायरीने करायची. प्रवासाला जाताना, लग्नकार्यात किंवा पट्टी संपली म्हणून ती चुकता कामा नये. पट्टीत आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढची पट्टी आणून ठेवा.

तालमीचा विषय तुम्ही काढला आहे, तर त्यावर थोडे लिहितो. मेहनती मल्लाची नाडी सकाळी उठल्यावर पन्नासच्या आसपास असणे मुळीच नवल नाही, आणि विशीत आबांची नाडीही बहुधा तशीच संथ असेल. त्या वेळी त्यांचे हृदय एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलत होते, म्हणून कमी ठोक्यांत त्याचे भागत होते. व्यायामाने नाडी संथ का होते, याचे एक उत्तर मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्यांची लय ठरवणारी पेशींची एक गाठ असते, तिला सायनस नोड म्हणतात. तिच्यातल्या एका विशिष्ट विद्युतप्रवाहाची वाट सरावाने अरुंद होते, असे त्यांना आढळले. इव्हाब्रॅडिन ही गोळी नेमकी त्याच वाटेवर काम करते. गोळीने माणूस मल्ल होत नाही, पण संथ नाडी आणि दुबळे हृदय यांचे नाते काका समजतात तसे नाही, एवढे यातून आबांना उमगावे. ज्या संथपणाची भीती बाळगायची तो वेगळा : वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यांकडे जाणारा संदेशच अडला की हृदय मंदावते, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि तो ईसीजीत दिसतो. तुम्ही नेलेल्या दिवशी डॉक्टरांनी ईसीजी काढला तो याचसाठीही.

इव्हाब्रॅडिनबद्दल मात्र मी अधिक मोजून बोलेन. मेटोप्रोलॉलच्या उलट, ती रक्तदाब कमी करत नाही आणि स्नायूच्या आकुंचनाचा जोरही घटवत नाही, केवळ त्या गाठीची लय संथ करते. आबांचा रक्तदाब १०४ असल्याने मेटोप्रोलॉल वाढवायला जागा उरली नव्हती आणि नाडी तर ८४ होती. अशा कोंडीत तुमच्या डॉक्टरांनी तिची निवड केली ती योग्यच आहे. तिच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ३७ देशांतल्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांची त्यात निवड झाली होती. त्यांचे पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी, नाडी ७० किंवा त्याहून अधिक आणि लय नियमित होती. बाकीची औषधे चालूच ठेवून निम्म्यांना ही गोळी देण्यात आली. सुमारे तेवीस महिन्यांच्या काळात हार्ट फेल्युअर बळावल्यामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले असे रुग्ण गोळी न घेणाऱ्यांत शंभरात २१ होते, घेणाऱ्यांत १६. हृदयविकाराच्या एकूण मृत्यूंमध्ये मात्र निश्चित म्हणता येईल इतका फरक पडला नाही. शंभरातले पाच लहान वाटतील, पण ज्यांनी धाप लागलेल्या माणसाला मध्यरात्री रिक्षात घालून नेले आहे त्यांना एक खेप टळण्याचे मोल सांगावे लागत नाही. आयुष्य वाढवण्याचे काम मुख्यतः मेटोप्रोलॉल आणि तिच्या जोडीच्या इतर औषधांचे आहे. इव्हाब्रॅडिन ही त्यांच्यावरची भर आहे, त्यांची बदली नव्हे. ‘दोन्ही ठोके कमी करतात, मग एकच घेतली तर चालेल का?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच नाही असे आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ठोके कमी करणारी प्रत्येक गोळी या आजारात चालत नाही. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांनीही नाडी उतरते, पण पंपिंग घसरलेल्या हृदयात ती नुकसान करतात; अटॅकनंतर ज्यांच्या फुप्फुसांत पाणी साठले होते त्यांना डिल्टियाझेमने अपाय झाल्याचे १९८८ मध्येच दिसले होते. इव्हाब्रॅडिनबरोबर तर ही दोन्ही औषधे घ्यायचीच नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक आणि बुरशीवरच्या केटोकोनॅझोलसारख्या गोळ्याही तिच्याबरोबर वर्ज्य आहेत, कारण त्यांनी तिचे रक्तातले प्रमाण फार वाढते. ग्रेपफ्रूटच्या रसानेही तसेच होते. त्याच्याच कुळातला पपनस असल्याने तोही आबांनी टाळलेला बरा. तेव्हा खोकला-तापासाठी गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाताना फाईल बरोबर न्यायलाच हवी. उलट, ज्यांचे पंपिंग चांगले आहे अशा शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला ‘आमच्या आबांना गुण आला’ म्हणून इव्हाब्रॅडिन सुचवू नका. नाडी अनियमित असण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा आजार ज्यांना सतत असतो त्यांच्यात ती काही कामच करू शकत नाही, कारण त्यांच्या ठोक्यांची सूत्रे त्या गाठीच्या हाती उरलेलीच नसतात.

घरी गेल्यावर एक काम लगेच करा. मेटोप्रोलॉलची पट्टी उलटून तिच्यावरचे नाव पूर्ण वाचा. हार्ट फेल्युअरमध्ये जिचा उपयोग सिद्ध झाला ती मेटोप्रोलॉल सक्सिनेट, दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ही त्याच घराण्यातली असली तरी या आजारासाठी ती तिची जागा घेत नाही. कार्व्हेडिलॉलशी तुलना करणाऱ्या २००३ मधल्या चाचणीत ती मागे पडली होती. मेडिकलमध्ये गर्दीच्या वेळी ‘हीच ती, कंपनी वेगळी’ असे म्हणून एकाऐवजी दुसरी हातात पडल्याचे मी रुग्णांच्या पिशव्यांत पाहिले आहे. नाव बदललेले दिसले तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. ही गोळी कुटून किंवा चावून घ्यायची नसते, हेही आबांना सांगा.

५४ या आकड्याकडे वळू. या गोळ्या घेणाऱ्या, लय नियमित असणाऱ्या रुग्णाची विश्रांतीतली नाडी ५० ते ६० च्या दरम्यान असावी, हीच आपली अपेक्षा असते. म्हणजे ज्या आकड्याने घर हादरले तो उपचार लागू पडल्याचा आकडा होता. तो पाहण्याची रीत मात्र सुधारा. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर गार हातांमुळे फसतो, आणि मध्येच एखादा जादा ठोका पडला तर तो मोजायचा चुकतो, त्यामुळे खरी नाडी असते त्यापेक्षा कमी दिसते. सकाळी चहाच्या आधी आबांना पाच मिनिटे शांत बसवा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दिवसातून एकदा पुरे. दर तासाला बोट चिमट्यात घालून बसलेल्या माणसाची नाडी त्या धास्तीनेच वाढते. आकड्याशेजारी वहीत सकाळचे वजनही लिहा, कारण या आजारात वजनकाटा ऑक्सिमीटरपेक्षा लवकर इशारा देतो : दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पावलांवर सूज आली, किंवा झोपताना एका उशीच्या जागी दोन-तीन लागू लागल्या, तर पाणी साठते आहे असे समजून डॉक्टरांना कळवा.

काळजी करायची ती अशा वेळी : मोजून पाहिल्यावरही नाडी वारंवार ५० च्या खाली येते आहे, किंवा आकडा काहीही असो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, चक्कर येते, अंगात त्राण राहत नाही. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, ते इव्हाब्रॅडिन कमी करतील किंवा थांबवतील. शुद्ध हरपली तर फोनाफोनी न करता थेट रुग्णालय गाठा. नाडी मोजताना ठोके कसेही, बेताल पडत आहेत असे बोटांना जाणवले तरीही ईसीजी काढून घ्यायला हवा, कारण या गोळीने अनियमित लयीचा धोका किंचित वाढतो. जुलाब-उलट्यांच्या दिवसांतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नका. लघवीची गोळी चालू असताना पोटॅशियम फार उतरले की संथ नाडीच्या हृदयाला त्याचा त्रास होतो.

संध्याकाळच्या चमकण्याचे कारण ऐकून आबांना दिलासा मिळेल. लय ठरवणाऱ्या गाठीत ज्या प्रकारची प्रवाहाची वाट असते, तिच्याशी नाते सांगणारी वाट डोळ्यांच्या पडद्यातही असते, आणि इव्हाब्रॅडिनचा थोडा परिणाम तिथेही होतो. त्यामुळे अंधारातून एकदम उजेडात आल्यावर नजरेच्या एखाद्या भागात प्रकाश लखलखतो, वलये दिसतात. वर सांगितलेल्या चाचणीत साधारण शंभरात तिघांना असा अनुभव आला. तो बहुधा पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतो, सौम्य असतो आणि पुष्कळदा गोळी चालू असतानाच ओसरतो. तोवर त्यांनी रात्री मोटारसायकल चालवू नये, समोरच्या दिव्यांनी घात होईल. सतत धूसर दिसणे किंवा डोळा दुखणे हा प्रकार यातला नाही, त्यासाठी नेत्रतज्ज्ञच हवेत.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, म्हणून मीच विचारतो : आबा तंबाखू खातात का? आपल्या भागात हा प्रश्न विचारला की घरातले सगळे एकमेकांकडे पाहतात. तंबाखूतले निकोटिन त्याच ॲड्रेनलिनला हाक घालते जिला थोपवण्यासाठी आपण मेटोप्रोलॉल देतो आहोत. एका हाताने बांध घालायचा आणि दुसऱ्याने फोडायचा असे ते होते. अंगात रक्त कमी असणे, थायरॉइड वाढणे, बारीक ताप, दम्याचे काही पंप, नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, यांनीही नाडी चढी राहते, आणि यांपैकी काही असेल तर इलाज त्याचा करायचा, ठोक्यांची गोळी वाढवत न्यायची नाही. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नका. त्यांनी मीठ-पाणी अंगात साठते आणि सावरलेले हृदय पुन्हा ढासळते. मिठाबद्दल तुम्हाला रुग्णालयात सांगितलेच असेल, म्हणून लांबवत नाही. तांबडा-पांढरा एखाद्या वाटीने जीव जात नाही, पण लोणचे, पापड आणि फरसाण रोजच्या ताटातून जायलाच हवे.

‘हृदयासाठी’ म्हणून मिळणाऱ्या काढ्यांबद्दलही सावध राहा. अर्जुनाच्या सालीवर अनेकांची श्रद्धा आहे, परंतु या गोळ्यांची जागा ती घेऊ शकत नाही, आणि घ्यायची असेल तर डॉक्टरांपासून लपवून घेऊ नये. कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी यांच्यापासून मात्र दूरच राहायचे. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध ज्या जातीचे आहे त्याच जातीची द्रव्ये या झाडांत आहेत. ती नाडी मंद करतात हे खरे, पण औषध आणि विष यांच्यातले अंतर त्यांच्यात इतके थोडे आहे की घरगुती मात्रेने हृदय थांबू शकते.

राहिला जोतिबा. सासनकाठी नाचवलेल्या माणसाला घरी बस म्हणणे किती जड जाते, हे मी समजू शकतो. हालचाल बंद करा असे मी सांगणार नाही. स्थिर झालेल्या रुग्णाला बेताचा चालण्याचा व्यायाम हिताचाच आहे. डॉक्टरांची संमती घेऊन सकाळी रंकाळ्याच्या काठाने सपाटीवर दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि आठवड्याआठवड्याने वाढवा. या गोळ्यांवर असताना श्रमातही नाडी फार चढत नाही, म्हणून नाडीवरून श्रम जोखू नका. चालता चालता सलग बोलता आले पाहिजे, वाक्य मध्येच तुटू लागले की थांबायचे. चैत्र यात्रेच्या दिवशी डोंगरावरचे ऊन, चढ आणि लाखोंची दाटी यांत मात्र यंदा त्यांनी जाऊ नये. पुढचा इको होऊन जाऊ द्या. पंपिंग कितीवर आले यावर पुढच्या उपचारांचेही काही निर्णय अवलंबून आहेत. तो ठीक आला तर यात्रा ओसरल्यावरच्या एखाद्या निवांत सकाळी, गर्दीचा रविवार सोडून, गाडी जिथवर जाते तिथवर गाडीने न्या, पायऱ्यांवर बसत बसत जाऊ द्या, आणि निघण्याआधी त्यांची सकाळची गोळी पोटात गेली आहे ना, ते तुम्ही स्वतः पाहा.